तेवढी लाल लाइट घालवून द्या

गाडी टोचन लावून आली नाही, स्वतः चालत आली, आणि तेच मला पहिल्यांदा खटकलं. ऑइल प्रेशरचा बझर वाजतोय म्हणून सांगणारा माणूस यवतेश्वरचा घाट उतरून, अख्खा सातारा ओलांडून हायवेपर्यंत गाडी घेऊन येतो, म्हणजे त्या बझरची त्याला सवय झालेली असते. असं गिऱ्हाईक अवघड. नवखा माणूस घाबरतो, जागेवर इंजिन बंद करतो, रस्त्याकडेला उभा राहून चार जणांना फोन लावतो, आणि बहुतेक वेळा त्याचं इंजिन वाचतं.

माझं गॅरेज शेंद्र्याच्या अलीकडे, सर्व्हिस रोडला. पिकअप, टेम्पो, ट्रॅव्हलर, उसाच्या हंगामात ट्रॅक्टर. २०१२ साली कास जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हापासून फुलांच्या दिवसांत त्यात भर पडली ती घाटात क्लच जाळून घेतलेल्या पुण्या-मुंबईच्या गाड्यांची. मोटरहोम मात्र क्वचित. ही होती २००८ सालची ट्रॅव्हलर, मेकॅनिकल पंपाची, बिघाड वाचणारा स्कॅनर लावायला जागाच नसलेली. मूळची टुरिस्टची गाडी. नंतर कुणीतरी सीटा काढून आत संसार मांडलेला: पलंग, सिंक, फ्रिज, ड्रायव्हरच्या मागं दोन जादा बॅटऱ्या, इन्व्हर्टर. इंजिनच्या कव्हरवर प्लायवूडचं कपाट ठोकलेलं, त्यात चहा-साखरेचे डबे. म्हणजे कव्हर काढायचं तर आधी स्वयंपाकघर आवरायचं.

काका सांगलीचे, रिटायर झालेले, बरोबर काकू. गाडी त्यांनी याच वर्षी घेतलेली, त्यांच्या हिशोबानं सेकंडहँड, आरसी बघितली तर चौथ्या हाताची. पहाटे निघून पेठ नाक्याला हायवे धरला, कराडवरून थेट कासला चालले होते. घाट चढून यवतेश्वरला थांबले आणि बझर वाजला.

‘मिस्त्री, काटा मधेच पडतो, बझर कोकलतो, परत आपोआप बरा होतो. इंजिन एकदम स्मूथ आहे बघा. नुसती वायरिंग तपासा.’

गिऱ्हाईक दुखण्याबरोबर औषधही सांगायला लागलं की मी ऐकून घेतो. वाद घालून इंजिन उघडत नाही.

काकांनी प्लॅस्टिकची फाइल काढली. अशी फाइल ठेवणारा माणूस मला आवडतो. आधीच्या मिस्त्र्यांनी काय केलं ते तीत दिसतं, आणि काय केलं नाही तेही. बिलं तीन गॅरेजची. पहिल्यानं ऑइलचा सेन्सर बदलला. दुसऱ्यानं परत सेन्सर बदलला, वर १५डब्ल्यू-४० काढून २०डब्ल्यू-५० हे जास्त घट्ट ऑइल भरलं, आणि सेल्फ जड फिरतो म्हणून नवी बॅटरीही गळ्यात मारली. तिसऱ्यानं एक नट न उघडता फुल इंजिनचं एक लाख साठ हजारांचं कोटेशन लिहून दिलं. मेकॅनिकल मीटर लावून प्रेशर मोजल्याची ओळ तिघांच्याही कागदावर नाही. स्विच काढायचा, त्या जागी मीटरचा पाइप लावायचा, इंजिन चालू करायचं, एवढंच काम. ते मीटर काही लाखाचं नाही, चार सेन्सरच्या पैशात येतं. पण सेन्सर विकता येतो, मोजलेलं प्रेशर विकता येत नाही.

इथं थोडं समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. ऑइल प्रेशर सांगणाऱ्या दोन वस्तू इंजिनला असू शकतात आणि गिऱ्हाईक, कधीकधी मिस्त्रीसुद्धा, दोन्हींना सेन्सरच म्हणतो. एक स्विच. प्रेशर नसलं की तो वायर बॉडीला जोडून देतो आणि मीटरमधली लाल लाइट लागते. प्रेशर (ते बारमध्ये मोजतात) साधारण अर्ध्या बारच्या आसपास गेलं की तो सोडतो, लाइट जाते. एवढीच त्याची अक्कल, आणि म्हणूनच तो भरवशाचा. दुसरा सेंडर. प्रेशर बदलेल तसा त्याचा रेझिस्टन्स बदलतो आणि त्यावर काटा फिरतो. काकांच्या गाडीत कंपनीची लाल लाइट होती आणि कॅरॅव्हॅन बनवणाऱ्यानं डॅशबोर्डवर बसवलेलं गोल काट्याचं मीटरही होतं, सेंडरवर चालणारं, अर्ध्या बारला बझर वाजवणारं. बझर ओरडत होता तेव्हा लाल लाइट गप्प. या दोघांचं पटत नव्हतं, आणि फाइलमधल्या तिघांनाही ते विचित्र वाटलं नव्हतं.

काकू गाडीच्या दारात बसल्या होत्या. मी विचारलं, ‘काकू, हा वाजतो तेव्हा तुम्ही आत काय करत असता?’

‘चहा,’ त्या म्हणाल्या. ‘मी यांना कधीपासून सांगतेय, मी शेगडी लावली की हा ओरडतो. तर म्हणे इंजिनाचा आणि शेगडीचा काय संबंध!’

काका हसले. मी नाही हसलो. तीन गॅरेज फिरून आलेल्या गाडीचं अर्धं निदान त्या दारात बसून होतं. गाडीचं काही विचारायचं तर स्टेअरिंग धरणाऱ्याला विचारायचं ही आपल्याकडची रीत. त्याला रस्ता दिसत असतो. मागं बसणाऱ्याला सगळं ऐकू येत असतं.

त्यांची पद्धत अशी: गाडी थांबवायची, बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू ठेवायचं आणि इन्व्हर्टरवर इंडक्शन शेगडी लावायची. शेगडी बाराशे वॉटची. घरात ते काही वाटत नाही, पण बारा व्होल्टवर त्याचे शंभराहून जास्त अँपिअर होतात. त्यातले जेवढे इंजिनवरचा, वीज बनवणारा अल्टरनेटर देतो तेवढ्यांना परत अल्टरनेटरकडे यावं लागतं, आणि यायचा रस्ता म्हणजे चासीपासून इंजिनपर्यंतची अर्थिंग पट्टी. ती खराब असेल तर करंट अडतो आणि इंजिनचा ब्लॉक आणि चासी यांच्यात व्होल्टेज उभं राहतं. सेंडर ब्लॉकवर बसलेला, काट्याची अर्थिंग बॉडीवर. मधल्या व्होल्टेजचा हिशोब काट्याला कुठला कळायला? त्याला वाटतं रेझिस्टन्स घटला, म्हणजे प्रेशर घटलं. तो खाली येतो.

इंजिन अजून गरमच होतं. चालू ठेवलं, मल्टिमीटरची एक पिन ब्लॉकला, दुसरी चासीला धरली. दोन-तीन शतांश व्होल्ट. ‘काकू, लावा शेगडी.’ आकडा ०.७ वर गेला, काटा खाली आला आणि बझर सुरू झाला. ‘बंद करा.’ थांबला. परत लावायला लावली, परत वाजला. काकूंनी काकांकडे असं बघितलं की मी मान खाली घालून मीटर आवरलं.

पट्टी शोधायला खाली गेलो. कॅरॅव्हॅन बनवणारे पुष्कळदा सुतारकामातले उस्ताद असतात. या गाडीतले ड्रॉवर मी उघडून बघितले, लोण्यासारखे सरकत होते, कोपऱ्यांना गोलाई, कुठं एक खिळा वर नाही. आणि त्याच माणसानं गाडीखाली अंडरकोट मारताना इंजिनची अर्थिंग पट्टी सोडली, काळा थर दिला आणि वाळल्यावर पट्टी त्या थरावर घट्ट आवळली. रंगाच्या थरावर. लोखंडाला लोखंड लागतच नव्हतं, जो काही करंट जात होता तो बोल्टच्या आट्यांमधून. सेल्फ जड का फिरतो त्याचं उत्तरही तिथंच, नव्या बॅटरीला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे. या गाडीच्या अंगाला ते कधी लागलं असेल असं खालून बघताना तरी वाटलं नाही.

जागा चकचकीत होईपर्यंत घासली, नवी पट्टी टाकली, ग्रीस लावलं. सेल्फ एका हिसक्यात उचलला. शेगडीवर आधण उकळत होतं आणि काटा हलत नव्हता. गॅरेजमधल्या पोरांसकट सगळ्यांचा चहा झाला. काकांनी खिशाला हात घातला.

बिल हजाराच्या आतच झालं असतं आणि मी साताऱ्यातला सगळ्यात हुशार मिस्त्री ठरलो असतो. पण कप ठेवता ठेवता मी काकूंना आणखी एक विचारलं. ‘सकाळी निघताना चहा केला होता?’

‘केला की. दारातच, गाडी गरम होईपर्यंत.’

‘तेव्हा वाजला?’

‘सकाळचा कधीच वाजत नाही.’

अर्थिंग काही सकाळी चांगली आणि दुपारी वाईट नसते. शेगडी तीच, करंट तोच. बदललेलं एकच, इंजिन गरम झालेलं आणि ऑइल पातळ झालेलं.

मग लाल लाइटकडे वळलो. चावी दिली, लाइट लागली. इंजिन चालू केलं, गेली. गाडी विकत घेताना एवढं सगळेच बघतात, समाधानानं मान डोलावतात. माझी सवय पुढची आहे: ब्लॉकवरच्या स्विचची वायर काढायची, इंजिन चालू ठेवून ती वायर बॉडीला टेकवायची. लाइट लागली पाहिजे. इथं काढायला वायरच नव्हती. कपाट उतरवून, चहा-साखरेचे डबे सीटवर मांडून, कव्हर काढून हात घातला, तर स्विचचं टर्मिनल उघडं, गंजलेलं. वायर मागं लूममध्ये, म्हणजे वायरिंगच्या जुडग्यात, सारलेली, टोकाला टेप.

मग लाइट लागत आणि जात कशाच्या जोरावर होती? डॅशबोर्डमधलं कंपनीचं मीटर उघडलं. मागच्या बाजूला ऑइलच्या लाइटची वायर कापून चार्जिंगच्या लाइटच्या वायरला जोडली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चार्जिंगची लाइट चावी दिल्यावर लागते आणि इंजिन चालू होऊन अल्टरनेटर चार्ज द्यायला लागला की जाते. ऑइलची लाइटही बरोबर असंच वागते. दोन्ही एका वायरवर टाकल्या की बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. इंजिनमध्ये ऑइलचा एक थेंब नसला तरी.

ही युक्ती मला ऐकून माहीत होती. स्वस्तातल्या कामात बल्ब काढून टाकतात किंवा बल्बवर टेप लावतात, चावी दिल्यावर लाइट न लागल्यानं ते पकडलं जातं. हे तसलं नव्हतं. तारा नीट सोलून, एकमेकींत पिळून, सोल्डर मारलेलं. सोल्डर तारेत झिरपलेलं, वर गोळा नाही. त्यावर हीट श्रिंकची नळी, दोन्ही टोकांना सारखी बसलेली. त्यावर कापडी टेप, तोच विणीचा, जो कंपनीच्या लूमला असतो. अशा नळ्या वापरा म्हणून मी माझ्या पोरांच्या मागं लागतो आणि ती काळी चिकटपट्टी गुंडाळून मोकळी होतात. त्या जोडात मला खोट काढता आली नाही. ज्यानं केला त्याला काम येत होतं, आणि आपण काय करतोय हेही पुरतं ठाऊक होतं.

स्विचच्या जागी मेकॅनिकल मीटर लावलं. गाडी फिरवून बघायची तर मीटर दिसलं पाहिजे, पण गरम ऑइलचा पाइप मी केबिनमध्ये आणत नाही. पाइप फुटला तर पायावर येतं. म्हणून पाइप बॉनेटच्या फटीतून काढून मीटर वायपरला बांधतो, काचेतून आकडा वाचता येतो. समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढलो, काका शेजारी. काच पुसायला वायपर चालवायचा नाही एवढंच लक्षात ठेवायचं, आणि सप्टेंबरात घाटात ढग उतरलेले असताना ते सोपं नसतं.

खाली निघताना ३ बार. चढावर रेसला २ च्या खाली. वर पोहोचून स्लोवर सोडली, म्हणजे रेस न देता जागेवर चालू ठेवली, तर ०.४, आणि काटा थरथरत होता. आमचा जुना ठोकताळा दर हजार आरपीएमला दहा पीएसआय, म्हणजे ०.७ बार. आत डॅशबोर्डवर नजर टाकली. बझरवालं मीटर ०.८ दाखवत होतं. दुप्पट.

यालाही कारण होतं. सेंडर पाच बारचे येतात, दहा बारचेही येतात, रेझिस्टन्सची रेंज दोन्हींची तीच. दहाच्या मीटरला पाचचा सेंडर लावला की काटा प्रत्येक आकडा दुप्पट सांगतो. फाइलमधल्या दुसऱ्या बिलातला सेन्सर तो हाच. आटे जुळले, बसवला. थंड इंजिनला काटा ८ वर जायचा, आणि काका ते कौतुकानं सांगत होते, ‘सकाळी आठ दाखवतो, मिस्त्री, एवढं दणकट इंजिन आहे.’

आता हिशोब लागला. गरम इंजिनला स्लोवर खरं प्रेशर ०.४. सेंडर दुप्पट सांगतो म्हणून काटा ०.८ ला आणि बझर गप्प. काकूंनी शेगडी लावली की खराब अर्थिंगमुळे काटा ०.५ च्या आत आणि बोंब. सकाळी खरं प्रेशर ४, काट्यावर ८, तिथून थोडं खाली आलं तरी कुणाला कळणार? कंपनीची लाइट कुणीतरी जाणूनबुजून मारलेली. म्हणजे गाडीत खरं बोलणारं एकही साधन नव्हतं, आणि चुकीचा सेंडर, रंगावर आवळलेली पट्टी आणि बाराशे वॉटची शेगडी मिळून जो खोटा अलार्म वाजत होता, तेवढाच काय तो खरा होता. पट्टी घासून मी तोही बंद केला होता. पैसे घेऊन त्यांना कासला पाठवलं असतं तर गाडी एकदम शांतपणे चालली असती, क्रँक पकडेपर्यंत, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा जाम होईपर्यंत.

चेंबर, म्हणजे इंजिनच्या बुडाचं ऑइलचं भांडं, उतरवायला दुसरा दिवस उजाडला. मोटरहोमचा एक फायदा, गिऱ्हाइकाची राहायची सोय बघावी लागत नाही. रात्री ते गॅरेजच्या आवारातच गाडीत झोपले, आणि सकाळी गाडी खड्ड्यावर घ्यायच्या आधी काकूंनी सगळ्यांना पोहे केले. चेंबरच्या खालून सिंकच्या सांडपाण्याचा पाइप आडवा नेलेला होता. तो कापल्याशिवाय चेंबर खाली येत नव्हता. ज्यानं नेला त्याच्या मते बहुधा इंजिन ही कधी न उघडायची वस्तू.

ऑइल पंप जिच्यातून ऑइल ओढतो ती जाळी बघून पोरगं म्हणालं, ‘मिस्त्री, आत प्लॅस्टिक कुणी टाकलं?’ प्लॅस्टिक नव्हतं, निळं सिलिकॉन. आधी कधीतरी चेंबर उघडून पॅकिंगऐवजी नुसता सिलिकॉन फासला होता, तोही बोटभर. चेंबर आवळला की जादा सिलिकॉन बाहेर येतो तेवढाच आतही येतो. बाहेरचा माणूस पुसून घेतो. आतला वाळतो, ऑइलमध्ये सुटतो आणि जाळीवर जाऊन बसतो. अर्धी जाळी बंद होती. पॅकिंग काही शेकड्यांत येतं, पण त्यासाठी पार्टवाल्याकडे जावं लागतं, जुनं खरवडावं लागतं. ट्यूब हाताशी असते. सिलिकॉन वाईट नाही, ज्वारीच्या दाण्याएवढी रेघ पुरते. पण आमच्यातल्या निम्म्या लोकांना ऑइल गळण्याची जेवढी भीती असते तेवढी इंजिन जाण्याची नसते, कारण गळलेलं गिऱ्हाइकाला दिसतं.

जाळीवर थांबता आलं असतं. पण बिग एंडचं, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला धरतो तिथलं, एक कॅप उघडलं. शेलवरचा, म्हणजे आतल्या बेअरिंगच्या पातळ पत्र्यावरचा, राखाडी थर मधोमध गेलेला आणि खालचं तांबं दिसत होतं. क्रँकवरून नख फिरवलं, किंचित रेघ लागली, पण मायक्रोमीटरला माप अजून हद्दीत होतं. शेल आणि क्रँक यांच्यात मिलिमीटरच्या पाच-सहा शतांश एवढी फट असते आणि त्यात ऑइल प्रेशरनं उभं राहतं म्हणून लोखंड लोखंडाला लागत नाही. फट वाढली की ऑइल तिथून सहज वाहून जातं, गरम असताना तर जास्तच. काकांना खड्ड्यात उतरवून टॉर्च मारून शेल दाखवला. ते इंजिनियर नव्हते, पण तांबं कसं दिसतं हे सगळ्यांनाच माहीत असतं.

शेल पुण्याहून मागवावे लागणार होते, सगळे कॅप, ऑइल पंपाची तपासणी, चार-पाच दिवस, तीस-पस्तीस हजार. काकांनी पुण्याला मुलाला फोन लावला. तात्पुरतं ठरलं ते असं: जाळी साफ, पॅकिंग, १५डब्ल्यू-४० ऑइल, फिल्टर, बरोबर सेंडर. स्विच नवा टाकून कंपनीची लाइट मी मूळच्या वायरवर आणली. तो सुंदर जोड कापून टाकला.

परत घाट. रेसला आता ३ च्या वर, म्हणजे रेसचा आजार जाळीचा होता. पण वर जाऊन स्लोवर सोडली तर ०.५. स्लोचा आजार शेलचा, तो राहिलाच होता. आणि काकांनी पहिल्यांदा त्यांच्या गाडीची खरी लाल लाइट बघितली. स्लोवर लुकलुकत होती, रेस दिली की जायची.

‘ही आधी नव्हती,’ काका म्हणाले.

‘नव्हती, कारण तोडलेली होती.’

ते उतारभर बोलले नाहीत. गॅरेजवर आल्यावर परत फोन, या वेळी स्पीकरवर. मुलगा सभ्य, आवाजात कुठंही उर्मटपणा नाही. ‘दादा, तुम्ही खूप मेहनत घेतली. पण आईबाबांना आता हे झेपणार नाही, आम्ही गाडी काढतोय. शेलचं राहू द्या. तेवढी लाल लाइट घालवून द्या फक्त.’

मी म्हटलं, शेल टाकले की जाईल.

‘तसं नाही. आधी जशी होती तशी.’

काकांनी फोन कानाला लावला नव्हता, तरी ते दुसरीकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, ‘मिस्त्री, वायर होती तशी जोडायला किती घ्याल?’

तोपर्यंत त्या जोडाच्या मागं मला एक चोर दिसत होता. गाडी खपवणारा एजंट, तोंडात मावा, हातात दहा चाव्या. त्या क्षणी तो चोर गेला आणि तिथं काकांसारखाच कुणीतरी दिसायला लागला. फाइल ठेवणारा, सगळ्या बिलांवर तारीख घालणारा, पोरांना पोहे देणारा. आणि त्याच्यासमोर माझ्यासारखाच कुणीतरी, ज्याला सोल्डर नीट मारता येतं आणि ज्याच्या डोक्यावर महिनाअखेरचा पगार आहे. आमच्याकडे येणाऱ्या लोकांतले किती लोक प्रेशर मागतात? ‘लाइट घालवा’ हेच सगळे म्हणतात. इंजिनची असो, एबीएसची असो, एअरबॅगची असो. आणि लाइट घालवणं हे दुरुस्तीपेक्षा नेहमीच स्वस्त काम असतं.

मी नाही म्हणालो. रागानं नाही, नुसतंच, ‘मी नाही करत ते काम, काका.’ त्यावर काकू आतून म्हणाल्या, ‘मग ज्यानं आपल्याला विकली त्याला काल सकाळपासून शिव्या का घालत होता तुम्ही?’ काकांनी उत्तर दिलं नाही. मीही मधे पडलो नाही, नवरा-बायकोचं ते.

बिल मी सविस्तर लिहिलं. काय बदललं, गरम असताना स्लोला प्रेशर किती, शेल घासलेले, बदलणं गरजेचं, ऑइलच्या लाइटची वायर चार्जिंगवर जोडलेली होती ती मूळ जागी आणली. काकांनी वाचलं, पैसे पूर्ण दिले, बिल फाइलमध्ये घातलं. ‘दिवाळीनंतर शेलला येतो,’ म्हणाले. हायवेला साठच्या वर जाऊ नका आणि स्लोवर लुकलुकण्यापलीकडे लाइट टिकून राहिली तर तिथंच इंजिन बंद करा, दोन किलोमीटर पुढं गॅरेज दिसत असलं तरी बंद करा, असं मी तिनदा सांगितलं. चहासाठी गॅस वापरा हे काकूंना सांगितलं.

दिवाळी होऊन गेली. ते आले नाहीत. मागच्या आठवड्यात नाशिककडच्या एका माणसाचा फोन आला. मोटरहोम बघतोय, सांगलीची, फाइलमध्ये एका टायर अलाइनमेंटच्या पावतीमागं माझा नंबर लिहिलेला सापडला, गाडी कशी आहे विचारायला केला. मी विचारलं, माझं बिल आहे का फाइलमध्ये? म्हणाला, तुमच्या गॅरेजचं बिल काही दिसत नाही. मग विचारलं, लाल लाइटचं काय? ‘एकदम ओके. चावी दिली की लागते, चालू केली की जाते.’

यातून काही कळत नाही. शेल टाकले असतील तरी असंच दिसेल, आणि टाकले नसतील तरी. मी त्याला सांगितलं, गाडी घाट चढवून गरम करा, मग इंजिन चालू ठेवून ब्लॉकवरच्या स्विचची वायर काढा, बॉडीला टेकवा, लाइट लागते का बघा. कपाट काढावं लागेल म्हणून तो कुरकुरला, आत डबे भरलेत म्हणाला. तरी त्याला सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवलंय, स्विच कुठं असतो त्याच्या फोटोसकट. काकांचा नंबर माझ्याकडे आहे. त्यांना अजून फोन केलेला नाही.